झिपरीची जागा

रतनबाईला एक गोष्ट जन्मात जमली नाही, ती म्हणजे हळू बोलणं. तिनं नुसती मेंढीला हाक मारली तरी शेजारच्या शिवारातला गडी हातचं काम टाकून बघायचा, काय झालं म्हणून. पण ह्या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि बाईची वाचाच बसली. तिच्या नवऱ्याला, बंकटला, पहिले दोन दिवस बरं वाटलं. खोटं कशाला बोला, लईच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला धास्ती बसली.

"दुखायलंय का काई?" त्यानं विचारलं.

"माझं काय दुखंल? लोढणं करून द्या म्हणलं, तेवढं होईना तुमच्यानं."

लोढणं म्हणजे गळ्यात अडकवायचा लाकडाचा ओंडका. उनाड गुराच्या गळ्यात बांधतात. चालताना तो पुढच्या पायांवर आदळतो आणि जनावराला पळता येत नाही. रतनबाईला तो हवा होता झिपरीसाठी. झिपरी त्यांची कुत्री. नऊ वर्षांची, तांबूस, कानावरून केस लोंबणारी. नऊ वर्षांत तिच्या गळ्यात साधी सुतळीसुद्धा कुणी बांधली नव्हती.

"तिला लोढणं?" बंकट म्हणाला. "आगं, ती कुठं जाती? मेंढरं सोडून ती पाणी प्यायला जाईना."

"काळू तरी कुठं जात व्हता?"

ह्यावर बंकटनं कुऱ्हाड घेतली आणि बाभळीचं लाकूड बघायला निघून गेला.

दरसाल पावसाळा सरला की ही दोघं पाटोद्याकडचे डोंगर उतरून शंभर-सव्वाशे मेंढरं घेऊन तेलगावच्या अंगाला येत. सोयाबीन निघालेलं असायचं, हरभरा अजून पेरायचा असायचा. मधल्या मोकळ्या दिवसांत शेतकरी मेंढरं रानात बसवून घेत. मेंढरांच्या लेंड्यांनी रान असं खतावतं की पोत्यातलं खत त्यापुढं काहीच नाही. ह्या वर्षी मेंढरं बसली होती विजयसिंहांच्या रानात. गावापासून हाकेच्या अंतरावर, तिन्ही बाजूंनी ऊस.

दिवस मावळला की मेंढरांभोवती वाघूर लागायची. वाघूर म्हणजे दोरीची जाळी. खुट्ट्या ठोकून तिचा गोल आवळायचा आणि मेंढरं आत घ्यायची. कुत्री बाहेर. हा नियम रतनबाईनं सासूकडून घेतला, सासूनं तिच्या सासूकडून. राखणीचं कुत्रं वाघुरीत शिरायचं नाही. एकदा का त्याला मेंढरांच्या उबेची गोडी लागली, की ते राखण विसरलं आणि लांडग्यांची चंगळ झाली. म्हणून पिल्लू चार महिन्यांचं झालं की त्याला शिकवायचं. जाळीला नाक लावलं की काठी. पाय टाकला की दोन काठ्या. आठ दिवसांत ते जे शिकतं ते मरेस्तोवर विसरत नाही. रतनबाईच्या हातची कुत्री साऱ्या वाड्यांत नावाजलेली होती. लोक पिल्लं तिच्याकडं शिकवायला आणून सोडत. तिला त्याचा मोठा तोरा होता.

तर काळू. झिपरीचाच लेक. काळाभोर, वासराएवढा, लांडग्याच्या अंगावर सरळ जाणारा. गेल्या वर्षी ह्याच तेलगावच्या शिवारात, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, गावात फटाके सुरू झाले आणि काळू जो पळाला तो पळालाच. झिपरी कशीबशी राहिली, बैलगाडीखाली थरथरत. बंकटनं वर्षभर काळूला हुडकलं. ज्या गावात मेंढरं बसली, त्या गावच्या पारावर जाऊन विचारलं. युसूफ वडगावच्या बाजारात एका हॉटेलापाशी काळं कुत्रं हाय असं कुणी सांगितलं, तर गडी दोन एस्ट्या बदलून गेला. ते कुत्रं काळं नव्हतंच. चिखलात लोळलेलं होतं. बंकटनं त्याला तिथंच एक पाव खाऊ घातला आणि परत आला.

आता राखणीला झिपरी एकटी. ती गेली तर मेंढरं उघडी पडणार, हे तर झालंच. पण रतनबाईला मेंढरांची काळजी कमी आणि झिपरीची जास्त होती. लेकरं होऊन वाचली नाहीत अशी ती बाई. झिपरी दोन मुठींएवढी होती तेव्हापासून तिच्या ओच्यात वाढलेली. तिला गमवायची नाही, काय वाटेल ते झालं तरी नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं.

वसुबारसेला बंकटनं लोढणं बांधलं. झिपरी दोन पावलं चालली, लाकूड गुडघ्यावर आदळलं, आणि ती खाली बसून रतनबाईकडं बघत राहिली. रतनबाईनं तोंड फिरवलं.

त्याच दिवशी मेंढरांना लस द्यायला रोहिणी म्याडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर. वय असेल अठ्ठावीस, पायात पोराचे बूट, बोलायला तिखट. एकेका मेंढराची मान धरून सुई मारता मारता त्यांची नजर झिपरीवर गेली.

"मावशी, हे काय गळ्यात?"

"लोढणं."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"दिवाळीत पळू नाई म्हणून."

रोहिणीनं सुई खाली ठेवली. "भ्यालेलं कुत्रं लोढण्यानं थांबत नाही, मावशी. ते पळणारच. फक्त आता ते लाकूड घेऊन पळणार. उसात अडकली तर कोण सोडवणार? विहिरीत गेली तर पोहता तरी येईल का तिला? काढा ते. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

आत्तापर्यंत रतनबाईला असं दरडावलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. पण तिनं मुकाट्यानं गाठ सोडली. खरं तर तिला सुटल्यासारखं झालं.

मग रोहिणीनं काय काय करायचं ते सांगितलं. दिवस असतानाच खाऊ घाला, फिरवून आणा. अंधार पडायच्या आत घरात घ्या. दार-खिडक्या लावा, मोबाईलवर गाणी चालू ठेवा, म्हणजे बाहेरचा आवाज जरा मरतो. कोपऱ्यात शिरली तर शिरू द्या, ओढून काढू नका. जवळ बसा. रागवायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. आणि मेडिकलातून माणसाची झोपेची गोळी आणून परस्पर चारू नका, लोक चारतात आणि मग आमच्याकडं रडत येतात.

रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्याडम, घर हाय पाटोद्याकडं. हितं मला दारच न्हाई, लावू काय?"

रोहिणीनं आजूबाजूला बघितलं. तीन दगडांची चूल, उभी केलेली बैलगाडी, घोंगड्या, वर आभाळ. ती जराशी ओशाळली. खरी बाई होती, लगेच कबूल करून मोकळी झाली.

"चुकलं माझं. आमच्या पुस्तकात सगळ्या कुत्र्यांना घर असतं. बरं, मग मला असं सांगा, जिवावर बेतलं की ती कुठं धावते? कुठं गेली की तिला धीर येतो? ती जागा तिचं घर समजायची."

"काय की," रतनबाई म्हणाली, आणि लांबची मेंढी आणायला उठून गेली.

काय की कसलं? तिला पक्कं ठाऊक होतं. बंकटला ठाऊक नव्हतं, जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिला होतं. गेल्या साली काळू आधी पळाला नव्हताच. पहिला सुतळी बॉम्ब वाजला तेव्हा बंकट गावात तेल आणायला गेला होता. काळू धावत आला तो वाघुरीपाशी. जाळीखाली मुंडी घातली, अर्धा आत शिरला. मेंढरं बुजली, एका अंगाला ढकलली गेली. आणि रतनबाईनं सवयीनं काठी उचलली. एक नाही, चार हाणल्या. "भाईर! भाईर व्हय!" काळूनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मग तो उसात शिरला. बंकट परत आल्यावर ती म्हणाली, फटाक्याला भिऊन पळाला. ते खोटंही नव्हतं. म्हणून तर वर्षभर गळ्यात अडकून बसलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग ह्या वर्षी झिपरीला सरळ आत घ्यायचं, झालं. सांगायला सोपं आहे. तीन पिढ्यांचा नियम मोडायचा, तोही ज्या नियमापायी पोरासारखं जनावर घालवलं तो? नियम मोडला तर गेल्या वर्षी तो पाळला कशाला, ह्याचं उत्तर द्यावं लागतं. रतनबाईला ते द्यायचं नव्हतं. म्हणून तिनं बाकी सगळे उपाय करून बघितले.

पहिल्यांदा ती विजयसिंहांच्या बंगल्यावर गेली. हा माणूस तालुक्याच्या राजकारणातला, बोलण्यात साखर. पण मनानं वाईट नव्हता. त्यांनी तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"रतनबाई, माझ्या घरचे फटाके मी पार रस्त्याच्या अंगाला वाजवायला लावतो. शब्द देतो. पण गावाला कसं थांबवू? सणासुदीला 'फटाके वाजवू नका' म्हणायला गेलो तर पुढच्या निवडणुकीत मलाच वाजवतील."

"तुमी म्हणलात तेवढं लई झालं, दादा."

"बरं, विहिरीवर मोटारीची खोली आहे, पत्र्याची. किल्ली घेऊन जा. कुत्रीला तिथं ठेवा."

धनतेरसला तिन्हीसांजेला रतनबाईनं झिपरीला त्या खोलीत नेलं. खाली पोतं अंथरलं, बंकटचा मोबाईल गाणी लावून कोपऱ्यात ठेवला, भाकरी कुस्करून दिली. सगळं म्याडमनी सांगितल्याबरहुकूम. मग दार लावलं. झिपरी जन्मात कधी दाराआड राहिली नव्हती. गावात अजून एक लवंगी वाजली नव्हती, तोवर पत्र्यावर तिच्या नख्यांचा खरखराट सुरू झाला. पलीकडं मेंढरं ओरडत होती आणि ती आत कोंडलेली. रतनबाई आत जाऊन तिच्याजवळ बसली, तरी काही उपेग नाही. दार उघडलं तशी ती सुसाट सुटली, ती थेट मेंढरांपाशी. वाघुरीला एक फेरी मारली, सगळी आहेत का बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन पडली. मागच्या बाजूला, उसाकडं तोंड करून. पुढच्या पायाच्या दोन नख्यांतून रक्त येत होतं.

"आता?" बंकटनं विचारलं.

"आता काय, माझं डोस्कं," रतनबाई म्हणाली. तिनं नख्यांवर हळद चेपली.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. रतनबाईनं झिपरीला ऊन असतानाच फिरवून आणलं, दुपारीच पोटभर भाकरी-दूध दिलं. एवढं तर जमण्यासारखं होतं. बंकट गावात तेल, उदबत्ती आणायला गेला होता. सूर्य खाली आला, मेंढरं आत घेतली, वाघूर लागली. मग तिनं कुणी बघत नाही ना, असं इकडंतिकडं बघितलं. जाळीची एक बाजू वर उचलली. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुत्रीला आत बोलावलं.

"ये, झिपरे. ये गं माझी बाई."

झिपरी उठली. शेपूट हलवत आली. जाळीपासून दोन हातांवर थांबली.

रतनबाईनं भाकरीचा तुकडा आत टाकला. झिपरीनं तुकड्याकडं बघितलं, मग रतनबाईच्या उजव्या हाताकडं. तो हात रिकामा होता. तरी ती त्या हाताकडंच बघत राहिली.

तेवढ्यात गावात पहिला बॉम्ब फुटला. मग दहा हजारांची माळ लागली. वर आभाळात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि हिरवा उजेड उसावर पडला. झिपरीचं अंग पार आकसलं. शेपूट पोटाखाली, कान मागं, तोंडातून लाळ. ती पळत येऊन जाळीला भिडली. नाक दोरीला लागलं आणि विस्तव लागावा तशी ती मागं सरली. पुन्हा आली, पुन्हा मागं. उसाकडं तोंड करायची, परत फिरायची. पायाखालची ढेकळं तिनं उकरून टाकली. रतनबाई जाळी उचलून हाका मारत होती, रडत होती, शिव्या देत होती. त्या कुत्रीला नाही, स्वतःला. आठ दिवसांत शिकतं आणि मरेस्तोवर विसरत नाही. केवढा तोरा होता बाईला ह्याचा!

बंकट धावतच आला. हातातली पिशवी तशीच.

"ए, काय करायलीस? कुत्रं आत? येड लागलं का तुला?"

"व्हय, लागलंय. धरा हिला. ढकला आत."

"आगं, मेंढरं बुजतील—"

"बुजू द्या!" आता तिचा मूळचा आवाज परत आला, फटाक्यांच्या वर गेला. "गेल्या सालीबी बुजली व्हती. काळू आत आलता. ऐकलं का? पळाला न्हवता तो. हितं आलता, माझ्याकडं. मुंडी आत घातली व्हती त्यानं. म्याच हाणला. चार काठ्या हाणल्या आन भाईर काढला. मंग गेला तो."

बंकट उभा राहिला तसाच. गावाकडून एक बाण सुंई करत वर गेला, फुटला, त्याच्या तोंडावर लाल उजेड आला आणि गेला.

"मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी हुडकीत व्हता. मला वाटलं, घावंल. घावला की सांगावं."

त्यानं हात उगारला असता तर रतनबाईला बरं वाटलं असतं. त्यानं पिशवी खाली ठेवली, झिपरीपाशी जाऊन बसला, तिच्या काखेत हात घालून उचलू लागला. तिनं चारी पाय मातीत रोवले. नऊ वर्षांत ती कधी त्याच्यावर गुरगुरली नव्हती, ती आज गुरगुरली. त्यानं हात काढून घेतले. ती जमिनीला पोट लावून तिथंच बसली, वाघुरीपासून दोन हातांवर, थरथरत. अजून एक मोठा आवाज झाला असता तर ती उसात गेली असती, हे दोघांनाही दिसत होतं.

बंकटनं डोकं खाजवलं. एकदा झिपरीकडं बघितलं, एकदा जाळीकडं.

"ती आत येईना, न्हवं?" तो म्हणाला. "मंग राहू दे तिला तितंच."

तो वाकला आणि जाळीची दोन टोकं जिथं एकावर एक आली होती, तिथली एक खुट्टी त्यानं उपटली. मग तिच्या शेजारची. दोन्ही हातांत धरून, दोरी ओढत, तो झिपरीच्या मागून सावकाश फिरला. तिच्या पाठीमागं उसाच्या बाजूला त्यानं एक खुट्टी ठोकली, चार पावलांवर दुसरी. दगडाचे आठ-दहा घाव. झिपरी जागची हलली नव्हती. तिनं जाळी ओलांडली नव्हती, काही मोडलं नव्हतं. पण आता जाळी तिच्या मागं होती आणि ती आत होती.

मेंढरं आधी दचकली. मग एका म्हाताऱ्या मेंढीनं नाक पुढं करून झिपरीला हुंगलं. मोकळी जागा दिसली तशी मागची मेंढरं पुढं सरकली, एकेक करून तिच्याभोवती दाटली आणि खाली बसली. झिपरीनं पुन्हा एकदा रतनबाईच्या हाताकडं बघितलं. रतनबाईनं दोन्ही हात मागं लपवले. मग झिपरीनं हळूहळू मान खाली घातली आणि म्हाताऱ्या मेंढीच्या लोकरीत तोंड खुपसलं. गावात धडाधड वाजतच होतं. ती थरथरतच होती. पण पळायची तिची घाई गेली होती. थोड्या वेळानं नुसतं पाठीवरचं कातडं थरथरायला लागलं, मग तेही थांबलं.

रतनबाईनं काठी आणि घोंगडी उचलली आणि झिपरीच्या नेहमीच्या जागेवर, उसाकडं तोंड करून बसली. आजची राखण कुणीतरी करायला हवी होती. बंकट येऊन तिच्या शेजारी बसला. त्याचे हात मातीनं भरले होते, ते तो एकमेकांवर झाडत होता.

"दोनच खुट्ट्या," तो म्हणाला.

रतनबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशोब न जुळलेल्या माणसासारखा तो समोर बघत होता.

"गेल्या सालीबी दोनच लागल्या असत्या, रतन."

"व्हय," ती म्हणाली. एवढं हळू ती जन्मात कधी बोलली नव्हती.